घर सोडून पुण्यात आलेल्या पोरांनो, रूम देणाऱ्या दादाच्या हातात तुमची फाईल देऊ नका

हे लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं. लिहिलं तर गावाकडचे ओळखतील, नाही लिहिलं तर आत्ता या मिनिटाला वाकडेवाडीच्या स्टँडवर माझ्यासारखाच कोणीतरी बॅग छातीशी धरून बसलेला असणार आणि त्याच्या शेजारी चहाचे दोन कप घेऊन कोणीतरी येऊन बसणार. म्हणून लिहितोय. मोठं झालंय, पण पूर्ण वाचा.

मी जालना जिल्ह्यातला, अंबड साईडचा, वय १९. घरचं सगळं इथं सांगत नाही, बाप पितो आणि मारतो, ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यात कळतं. जूनमध्ये एका रात्री त्याने मायवर पाईप उगारला, मी मधे पडलो आणि पहिल्यांदाच त्याचा हात धरला, तर म्हणाला सकाळी हा घरात दिसला तर दोघांतला एक जण जाईल. मायच म्हणाली, जाय बाबा तू. बचत गटाचा हप्ता भरायला ठेवलेले ६,५०० रुपये तिने माझ्या फाईलीत घातले. निळी प्लास्टिकची फाईल, बटण तुटलेलं म्हणून रबर लावलेलं, आत दहावी बारावीचं मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, आधार कार्ड, पासपोर्ट साईज चार फोटो. कपडे दोनच जोड घेतले पण फाईल घेतली. आमच्याकडं लहानपणापासून हेच ऐकलंय की कागद सांभाळ, बाकी सगळं परत मिळतं.

चाकणला चुलतभाऊ राहतो, त्याच्या भरवशावर आलो होतो. तो फोनवर म्हणाला, तुझ्या बापाचे सकाळपासून आठ फोन येऊन गेले, तू इथं आलास तर तो इथं येईल, माझं लग्न ठरतंय, समजून घे. मी समजून घेतलं, आजही त्याच्यावर राग नाही. मग तीन रात्री स्टँडवर. ज्यांनी स्टँडवर रात्र काढलीये त्यांना माहितीये, झोप अशी येतच नाही, पायाला बॅगेचा पट्टा गुंडाळून बसायचं, गार्ड आला की नगरची गाडी कधीये असं विचारायचं, मोबाईल चार्ज करायला कुठल्यातरी टपरीवाल्याकडून काहीतरी विकत घ्यायचं. पैशापेक्षा जास्त त्रास होतो तो याचा की दिवसभरात तुमच्याशी कोणी एक वाक्य बोलत नाही.

चौथ्या दिवशी तो रूम देणारा दादा आला. तिशीचा असेल, शर्ट इन केलेला, बोलणं आपल्याच भागातलं. त्याने मला एकदाही विचारलं नाही की घर काहून सोडलं. जेवलास का, एवढंच विचारलं. मला तेव्हा वाटलं किती समजूतदार माणूस आहे. आता कळतं की त्याला विचारायची गरजच नव्हती. तीन दिवस एकाच बाकड्यावर बसलेलं पोरगं, फोन वाजला की कट करतंय, एवढं त्याला पुरेसं होतं. पुढं रूमवर कळलं की तो स्टँडवर आठवड्यातून दोनतीनदा चक्कर मारतो.

रूम वाघोलीच्या पुढं होती. कॉट बेसिस म्हणाला पण कॉट नव्हतीच, एका खोलीत नऊ गाद्या. डिपॉझिट ३,००० आणि नोकरीचं रजिस्ट्रेशन १,५००. पावती मागितली तर म्हणाला, भावा विश्वास नाय का. अग्रीमेंट नंतर करू म्हणाला. मला काय माहिती की महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, लेखी करून रजिस्टर करणं घरमालकावर बंधनकारक आहे, आणि तो करत नसेल तर तिथंच कळायला पाहिजे की हा मालकच नाहीये. नव्हताच तो. मालक कोण ते मला आजपर्यंत कळलं नाही.

आता खरा मुद्दा, हा नीट वाचा, कारण डिपॉझिटचे पैसे गेले ते त्यामानाने काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाला कंपनीत लावतो, पण पगार खात्यात येतो, खातं काढावं लागेल. माझ्या आधारला मोबाईल नंबर बापाचा होता, गावाकडं बहुतेक पोरांच्या आधारला बापाचाच असतो. म्हणजे काहीही करायला गेलो की ओटीपी बापाच्या मोबाईलवर जाणार. हे मी त्याला सांगितलं, घाबरत सांगितलं, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. म्हणाला टेन्शन नको, नंबरच बदलून टाकू. माझ्या नावावर नवीन सिम घेतलं, मला आधार केंद्रावर नेलं, मी मशीनवर अंगठा ठेवला, फी त्यानेच भरली, पावती त्यानेच खिशात घातली. मला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की सांगू शकत नाही. बापाचा नंबर माझ्या कागदावरून निघाला. त्या खुशीत सिम कोणाच्या मोबाईलमध्ये आहे हे मी विचारलंच नाही. सिम त्याच्याकडंच होतं, म्हणाला कंपनीचा एचआर व्हेरिफिकेशन करतो, दोन दिवसांनी देतो.

मग दोन बँकांत दोन खाती उघडली, सह्या माझ्या, फोटो माझा, अंगठा माझा. पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड आणि ते सिम, सगळं एका खाकी पाकिटात घालून तो त्याला किट म्हणायचा. किट कंपनीत जमा करावं लागतं म्हणाला. आणि फाईल? रूमवर चोऱ्या होतात, माझ्या कपाटात ठेव, कुलूप आहे. मी रबर नीट लावून दिली.

काम लागलं पण. एका गोडाऊनमध्ये पॅकिंगचं. ५५० हजेरी ठरली होती, हातात रोज २०० द्यायचा, बाकीचे खात्यात जमा होतायत म्हणायचा. त्या रूमवर सगळे असेच होते, कोणाची सावत्र आई, कोणाचं जातीबाहेरचं प्रेमप्रकरण, एकाला घरच्यांनी तो मुलींसारखा वागतो म्हणून काढलं होतं. एक तर १६ वर्षांचाच होता, हिंगोलीकडचा, त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ अजून काळेनिळे होते. वय कमी म्हणून त्याच्या नावावर त्यांना पाहिजे तसं खातं निघत नव्हतं, म्हणून त्याला रात्री लग्नाच्या केटरिंगला पाठवायचे, पहाटे तीनला यायचा आणि बूट न काढताच झोपायचा.

महिना भरल्यावर मी पैसे मागितले. आवाज न चढवता म्हणाला, तुझ्या बापाला फोन लावू का, त्याने मिसिंग दिलीये, पोलिसांनी धरलं की थेट त्याच्या हवाली करतात. फॉर्मवर घरचा एक नंबर लिहून घेतला होता ना. मी गप्प बसलो. रूमवरचे सगळे याच एका वाक्यावर गप्प बसायचे. कुलूप बाहेरून लावायची त्याला कधी गरज पडली नाही.

आठवड्याने मी गोडाऊनला दांडी मारून बँकेत गेलो. काऊंटरवरच्या मॅडमने आधार नंबर टाकला, स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. हे तुमचंच खातं आहे का? हो म्हणालो. फ्रीज आहे, सायबर कम्प्लेंट आहे, दुसऱ्या राज्यातली. तीन दिवसांत ४ लाख ८२ हजार आले आणि गेले, तुम्ही काय करता? मी म्हणालो पॅकिंग करतो. मागं लाईनमधले लोक ऐकत होते. मॅडमने आवाज बारीक केला आणि म्हणाली, बाळा, तू खातं कोणाला वापरायला दिलंय का?

म्यूल अकाउंट म्हणतात याला. कोणालातरी फोन करून, शेअर मार्केटचं किंवा पार्सलचं काहीतरी सांगून लुटतात, ते पैसे थेट चोराच्या खात्यात जात नाहीत, आधी असल्या पोरांच्या खात्यांतून फिरवतात. पोलीस शोधत येतात ते पहिल्या खात्यावर, आणि त्या खात्यावर नाव माझं, फोटो माझा. ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठी चोर मीच. ते कोणाचे होते, पेन्शनचे होते की पोरीच्या लग्नाचे, हा विचार अजून रात्री येतो.

रूमवर परत आलो तर दुसरंच कुलूप. गाद्या जिन्यात टाकलेल्या. फाईल, किट, तो माणूस, हिंगोलीचा पोरगा, काहीच नाही. नंबर बंद.

आणि मग चुलतभावाचा फोन आला. पोलिसांची नोटीस आली होती, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहा म्हणून. कुठं आली? आधारवरच्या पत्त्यावर. ज्या घरातून मी रात्री निघालो त्याच घराच्या दारात पोलीस जाऊन उभे राहिले आणि माझ्या नावाचा कागद बापाच्या हातात दिला. त्याला माझ्याबद्दल काही माहिती नव्हतं ते सगळं कळलं, आणि त्या रात्री मायचं काय झालं ते मी लिहू शकत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो कारण तुम्हाला उपयोग होईल. दोन रात्री परत रस्त्यावर काढल्या, मग एका भाजीवाल्या मावशीने महापालिकेच्या बेघर निवारा केंद्राचा पत्ता दिला. असं काही असतं हेच मला माहिती नव्हतं. नियमाने शहरात दर १ लाख लोकसंख्येमागं १०० माणसांची सोय पाहिजे, तेवढी नाहीये, पण जी आहे ती फुकट आहे आणि तिथं तुमचे ओरिजिनल कागद कोणी जमा करून घेत नाही. तिथल्या सरांनी मला शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडं पाठवलं, १५१०० वर फोन केला तरी चालतो. तिथं फुकट वकील मिळाल्या. मॅडम पहिलं वाक्य बोलल्या ते हे, नोटीसला घाबरून पळायचं नाही, हजर राहायचं, हजर राहून सहकार्य करणाऱ्याला सहसा लगेच अटक करत नाहीत, जो जात नाही त्याच्यावर संशय पक्का होतो. गोडाऊनची हजेरी, त्या माणसाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, आधार केंद्राची तारीख, सगळं लावून लेखी उत्तर दिलं आणि माझी फसवणुकीची वेगळी तक्रारही दिली. खातं अजून फ्रीज आहे.

आणि ज्या धमकीने मी तोंड उघडलं नाही ती खोटी होती. मिसिंगची तक्रार खरंच होती, पण पोलीस धरून बापाच्या हवाली करतात हे खोटं. पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, वय किती, १९ म्हणालो, म्हणाले सज्ञान आहेस, स्वतःच्या मर्जीने राहतोयस असा जबाब दे, तक्रार बंद होईल, तुला कोणी जबरदस्तीने घरी नेऊ शकत नाही. अर्ध्या तासाचं काम होतं. स्टँडवर उतरल्या दिवशी हे माहिती असतं तर त्या माणसाकडं मला दाबायला काहीच उरलं नसतं.

१८ च्या आतले असाल तर वेगळं आहे, पण तिथंही भीती वाटते तसं नाहीये. १०९८ ला, म्हणजे लहान पोरांच्या हेल्पलाईनला फोन करा, किंवा रेल्वे स्टेशनवर असाल तर आरपीएफवाल्याला (रेल्वे सुरक्षा दल) सांगा. २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं आणि घरी पाठवायचं की नाही हे समिती चौकशी करून ठरवते. तिथं मार लपवू नका, वळ असतील तर दाखवा. घरी जायचं नाही हे स्पष्ट सांगा. संस्थेत वाढलेल्यांना १८ नंतरही २१ पर्यंत राहायला अनुरक्षणगृह आहे. पोरींसाठी १८१ हेल्पलाईन आहे, वन स्टॉप सेंटर आहे, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढं शक्ती सदनला, म्हणजे बायकांच्या सरकारी निवाऱ्याला पाठवतात. आमच्यासारख्या १८ च्या वरच्या पोरांसाठी मात्र निवारा केंद्र सोडून जवळपास काही नाही, आणि हे असले दादा नेमकं त्याच वयाचं पोरगं हेरतात. याबद्दल कोणी बोलत नाही, पोरगा आहे, करेल काहीतरी, एवढ्यावर सोडून देतात.

मार्कशीट डिजिलॉकरवर मिळालं, पण त्याआधी परत आधार केंद्रावर जाऊन नंबर माझ्या स्वतःच्या मोबाईलचा करून घ्यावा लागला. सरकारच्या संचारसाथी वेबसाईटवर बघितलं तर माझ्या नावावर चार सिम. मी एकच घेतलं होतं. बाकीची तिथूनच बंद करायला टाकली. तुम्हीही आज बघा, तुमचं सगळं ठीक असलं तरी बघा. तुमचं खातं कोणाला दिलं असेल तर पोलीस यायची वाट बघू नका, स्वतः बँकेत लेखी द्या आणि १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा.

वाघोलीच्या त्या रूमवर माझ्यासोबत जे होते त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर ऐका. तुमचीही नोटीस घरी जाणार आहे, गेली नसेल तर जाईल. माझी तक्रार दाखल झालीये, मॅडम म्हणतात अजून दोघं तिघं आले तर केस मजबूत होईल. निवारा केंद्रात मी संध्याकाळी सातनंतर असतो, पोलीस ठाण्यात मी सोबत येतो. आणि तो हिंगोलीचा छोटा कुठंय हे कोणाला माहिती असेल तर मला नंतर सांगा, आधी १०९८ ला सांगा.