इंजिनाचा मूळ रंग: तयार कॅन घ्यावा की जुळवून घ्यावा?

जुन्या गाडीचं इंजिन उघडून ठेवलंय आणि रंगाशी येऊन अडलात, तर वाटा दोनच. ‘मूळ इंजिन रंग’ असं लिहिलेला इनॅमलचा (कडक, चकचकीत वाळणाऱ्या रंगाचा) स्प्रे कॅन आणायचा, नाहीतर इंजिनावर उरलेल्या जुन्या रंगाशी जुळवून रंग बनवून घ्यायचा आणि स्प्रे गननं मारायचा. मी दोन्ही केलंय, तेही एकाच इंजिनावर. साठच्या दशकातली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तिचं 1798 सीसीचं बी-सिरीज इंजिन, रंग मरून. आधी कॅननं रंगवलं, वर्षाच्या आत सगळं खरवडून जुळवलेला रंग मारला.

उष्णतेची काळजी फार करू नका. ब्लॉकचं तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही, त्यामुळे चांगला इनॅमल कुठलाही टिकतो. इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा प्रश्न वेगळा आहे, तिथे या दोन्हींपैकी काहीच चालणार नाही.

कॅनची बाजू आधी सांगतो. इंजिन जर शेव्हरोलेच्या नारिंगीतलं असेल, किंवा 1966 पासून फोर्डनं बहुतेक इंजिनांना दिलेल्या निळ्यातलं, तर हे रंग इतक्या लोकांनी इतकी वर्षं मागितलेत की कॅनमधली शेड बरीच जवळ असते. गन नको, कॉम्प्रेसर नको, एका दुपारी काम होतं. अशा इंजिनाच्या मालकाला मी कॅनपासून परावृत्त करणार नाही.

मरूनचं तसं नाही. कॅनच्या टोपणावरचा मरून, पत्र्यावर वाळलेला मरून आणि तापून थंड झालेला मरून हे माझ्या डोळ्यांना तीन वेगळे रंग दिसले. शिवाय चकाकी. बहुतेक कारखान्यांत इंजिन जोडून झाल्यावर रंगवत, म्हणून बोल्टची डोकी आणि गॅस्केटच्या कडासुद्धा रंगलेल्या असत, आणि त्या रंगाला मंद तकाकी असे, आरसा नसे. माझ्या कॅनची चकाकी बॉनेटखाली एकदम परकी वाटायची. बनवून घेतलेल्या रंगात ती मॅटिंग एजंट घालून उतरवता येते.

जुळवायला नमुना मात्र झाकलेल्या जागेचा हवा. उघड्या भागावरचा रंग उष्णतेनं तपकिरी आणि तेलानं पिवळट झालेला असतो. मला खरा रंग डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे सापडला. तो मऊ फडक्यानं, रॉकेल लावून पुसला. थिनर लावला असता तर चिकटासोबत रंगही गेला असता. रंग मोजणाऱ्या यंत्राला नाण्याएवढी सपाट जागा लागते आणि ओतीव लोखंडाच्या खरबरीत पृष्ठभागावर ते चुकतं. माझ्या वेळी यंत्रानं दिलेला पहिला फॉर्म्युला चांगलाच लाल निघाला. मग थोडा काळा वाढवत डोळ्यांनी जुळवला, एकदा उन्हात आणि एकदा ट्यूबलाइटखाली धरून. उन्हात जुळलेले दोन रंग दिव्याखाली फटकून दिसू शकतात, म्हणून दोन्हीकडे बघायचंच.

पण माझा निर्णय शेडवर झाला नाही, एका टवक्यावर झाला. इंजिन गाडीत बसवताना पाना सटकला आणि हेडच्या कडेला नखाएवढा टवका उडाला. पहिला कॅन संपला होता, दुसरा आणला. कंपनी तीच, नाव तेच, पण रंग किंचित जांभळट. नखाएवढ्या जागेसाठी अर्धी इंजिन बे कागदानं झाकली. पहिला हात पातळ बसला म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरा मारला, आणि सगळी कड सुरकुतली. पुढचा हात तासाभरात द्या, नाहीतर सात दिवसांनंतर, असं कॅनवर लिहिलेलंच होतं; मी मधल्या दिवसांत मारला. ती चूक माझीच. पण शेडमधला फरक माझ्या हातात नव्हता, आणि बॉनेट उघडलं की नजर आधी त्या डागावरच जायची.

जुळवलेल्या रंगातला उरलेला मी काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवलाय. तेव्हापासून चार वेळा टवके उडाले. दर वेळी बाटली हलवायची आणि बारीक ब्रशनं थेंब टेकवायचा, झालं. आज त्या जागा मलाही शोधाव्या लागतात.

याचं मोल मोजावं लागतं, हे खरं. मी हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) नसलेला साधा सिंथेटिक इनॅमल घेतला, म्हणूनच तो बाटलीत टिकतो. पण पेट्रोलपुढे तो कच्चा आहे, कार्ब्युरेटरखाली ठिबकलं तर लगेच पुसावं लागतं. हार्डनरवाला रंग पेट्रोलला जास्त दाद देत नाही. तो मात्र एकदा कालवला की काही तासांत संपवावा लागतो, आणि त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर घरी तो फवारू नका, ते काम रंगवाल्याकडे द्या.

एमजीबीसारखं कमी मागणीच्या रंगाचं इंजिन असेल आणि गाडी चालवायची असेल, म्हणजे पाने पुन्हा पुन्हा लागणार असतील, तर मी जुळवून घेण्याकडेच झुकेन. आणि अजून ठरत नसेल, तरी ब्लॉक धुवायला पाठवण्याआधी मूळ रंग असलेला एखादा सुटा भाग, ब्रॅकेट किंवा कव्हर, न धुता बाजूला काढून ठेवा. कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत गेलेल्या लोखंडावर जुळवायला काहीच उरत नाही.