उरणची लोकल: नेरुळला जायला उत्तम, फोर्टला जायचं तर अजून लाँचच

माझी नोकरी फोर्टात, लेकीचं कॉलेज नेरुळला आणि घर उरणला. त्यामुळे उरणहून निघायचे सगळे मार्ग आमच्या घरात रोजचेच. त्यातल्या लोकलला मी पाचपैकी चार देईन.

खारकोपरपर्यंतची गाडी नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, पण उरणपर्यंत यायला १२ जानेवारी २०२४ उजाडला. त्याआधी एसटी नाहीतर नवी मुंबईची एनएमएमटी बस, आणि वाटेत करळ फाटा, जासई. तिथे ट्रेलरच्या रांगेत बस अडकली की पेपर असो की दवाखाना, बसून राहण्याशिवाय इलाज नसायचा. आता पाऊण तासात लेक नेरुळला पोचते. गाडीत बसायला जागा मिळते, स्थानकं ऐसपैस आहेत, आणि अंधार पडल्यावर हायवेला बसची वाट बघत उभं राहावं लागत नाही. आई म्हणून मला या एका गोष्टीचं मोल फार वाटतं.

एक गुण कापला तो फेऱ्यांसाठी. एक गाडी चुकली की दुसरीची बराच वेळ वाट बघावी लागते. शिवाय काही गाड्या नेरुळहून सुटतात, काही बेलापूरहून. परतताना आपली गाडी कुठून आहे ते आधी बघून घ्या, नाहीतर चुकीच्या फलाटावर ताटकळाल. उरण स्थानक कोटनाक्याला आहे, तिथून गावात यायला रिक्षाचे पैसे वेगळे धरा.

खिडकीतून न्हावा-शेवाच्या आसपास कंटेनरच्या थप्प्या दिसतात. इथे शेती होती, मिठागरं होती. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं १९८९ मध्ये, गावच्या माणसांना लोकल मिळाली त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षांनी. म्हणून ही गाडी कुणी आमच्यावर केलेला उपकार आहे असं मी मानत नाही. ती आमच्या हक्काची आहे, आणि फेऱ्याही हक्कानेच मागायला हव्यात.

आता फोर्टचं. लोकलने नेरुळला उतरून हार्बरची गाडी धरली की सीएसएमटीपर्यंत दोन तासांच्या घरात जातात. उरणच्या मोरा बंदरातून लाँचने, म्हणजे प्रवासी बोटीने, तासाभराच्या आत मुंबईतला भाऊचा धक्का, तिथून डॉकयार्ड रोड स्टेशन चालत गाठता येतं. सकाळच्या लाँचमध्ये रोजची माणसं एकमेकांसाठी जागा धरतात. धक्क्याला लागताना लाँच वरखाली होत असते, खलाशी हात पुढे करतो, आणि साडी सावरत बरोबर लाटेच्या वरच्या टोकाला पाय टाकायचा. नवख्या माणसाने घाई करू नये.

पण मोऱ्याला गाळ साचतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की लाँच धक्क्याला लागतच नाही, काही तास सेवा बंद. पावसाळ्यात वादळाचा इशारा आला की तेच. लोकल आली म्हणून आता लाँचची गरज काय, असं इथलीच काही माणसं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. गाळ नीट काढला तर मुंबईला जायचा याहून जवळचा रस्ता उरणकराला नाही.

मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटनही लोकलच्याच दिवशी झालं. २१.८ किलोमीटरचा देखणा पूल, पण दुचाकी आणि रिक्षाला बंदी, आणि मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये. आमच्या आळीत बहुतेकांकडे दुचाकीच आहे.

पाहुण्यांनी रविवारी यायचं असेल तर येताना लोकलने या आणि जाताना मोऱ्याहून लाँच घ्या. तेवढी भरती-ओहोटीची वेळ निघण्याआधी विचारून घ्या.