सोसायटीतली सिगारेट: सरसकट बंदी की ठरलेला कोपरा?

आमच्या सोसायटीत दोन्ही करून झालंय. बंदी वर्षभर टिकली, कोपऱ्याला आता दुसरं वर्ष चालू आहे.

कायदा काय म्हणतो यावर आमच्या दोन सभा गेल्या, तुमच्या घालवू नका. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी बसस्टॉप, रेल्वे स्टेशन, स्टेडियम उघड्यावर असली तरी सार्वजनिक जागा धरली. दंड दोनशे रुपयांपर्यंत. सोसायटीच्या बागेतल्या बाकाचं काय, हे शेवटी आपसातच ठरवावं लागतं.

बंदी राबवायला सोपी, हे कबूल. एक पाटी लावली की झालं. पहिल्याच महिन्यात कुंड्यांमधली थोटकं गेली. पण ओढणारे कुठे जाणार? गेटबाहेर. आणि सकाळी सातला तिथेच शाळेची व्हॅन येते. मुलीला सोडायला जायचो तर चारजण कठड्याला टेकून, आणि पोरं त्यांच्या पुढ्यात रांगेत. वॉचमनला म्हटलं, तर तो म्हणाला, "साहेब, गेटच्या बाहेर आपलं काय चालत नाय." आत होते तेव्हा निदान बोलता तरी येत होतं. पाऊस लागला की हीच मंडळी जिन्यात; तिथला धूर तर तासभर हलत नाही. माझं मन तिथेच फिरलं.

कोपऱ्याचेही ताप आहेत. "व्यसनाला जागा कसली देता?" असं एक आजी भर सभेत म्हणाल्या. त्यांना द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण उघड्यावरचा धूर ओढणाऱ्याच्या हाताच्या अंतरावरच फार असतो, दोन मीटरपलीकडे झपाट्याने विरतो, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये मोजून दाखवलं होतं. नाकालाही साधारण तसंच जाणवतं. म्हणजे बाकं, खेळायची जागा आणि खिडक्या यांपासून लांब राहिलं की बरंचसं भागतं. आमचा कोपरा पंपरूमच्या मागे आहे: वर पत्रा, खाली वाळूची बादली. पत्र्यात कंजूषी करू नका, नाहीतर पावसात परत जिना.

आवार लहान असेल, कुठेही उभं राहिलं तरी वर कुणाची तरी बाल्कनी येत असेल, तर मात्र बंदीच बरी.

जागा ठरवताना संध्याकाळी पेटती उदबत्ती घेऊन उभे राहा आणि धूर कुणाच्या खिडकीकडे जातो ते पाहा. आम्ही हे उन्हाळ्यात केलं, जूनमध्ये वारा फिरला, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू वाळत घातलेली चादर घेऊन थेट सेक्रेटरींच्या दारात. पत्रा हलवायचा खर्च वेगळा आला.