न्यू जर्सी की टेक्सस: बंदूक आणि गांजाचे नियम बघून मग ठरवा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्ससमधल्या डॅलसला शिफ्ट व्हायचं म्हणणारे आपले बरेच जण आहेत, स्टेट इन्कम टॅक्स नाही, घरं मोठी, सगळं खरं. पण या दोन बाबतीत ही राज्यं एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील तर हे आधी वाचाच.

गांजाचं बघू. न्यू जर्सीत २१ वर्षांवरच्या माणसाकडे ६ औंसपर्यंत, म्हणजे साधारण १७० ग्रॅम, असला तरी गुन्हा नाही, एप्रिल २०२२ पासून दुकानात उघड मिळतो. (घरी कुंडीत एक रोप लावलं तर मात्र गुन्हा!) टेक्ससमध्ये २ औंसच्या आत सापडला तरी १८० दिवसांपर्यंत जेल आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. पण खरी भीती वेपची (ई-सिगारेटची) आहे, कारण टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा, अर्क तिथे वेगळ्या गटात धरतात, १ ग्रॅमच्या आत असला तरी थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आणि १ ग्रॅम भरला की २ ते १० वर्षं जेल. जर्सीच्या दुकानातून रीतसर बिल करून घेतलेलं वेपचं कार्ट्रिज (अर्क भरलेली नळी) पोराच्या बॅगेत राहिलं आणि ती बॅग टेक्ससला गेली तर ते बिल तिथे काही कामाचं नाही.

बंदुकीचं बरोबर उलटं. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ च्या वरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला हँडगन बाळगायला लायसन्स लागत नाही. जर्सीत प्रत्येक हँडगन घ्यायला परमिट, सोबत बाळगायला वेगळं परमिट, ते नसेल तर ५ ते १० वर्षं जेल आणि त्यातली निदान साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय. दुसऱ्या राज्याचं लायसन्स चालत नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स असलेल्या एका बाईने गाडी थांबवल्यावर पोलिसांना स्वतःहून सांगितलं की बंदूक आहे, तरी अटक झाली, शेवटी २०१५ ला गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली.

आता आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून बंदूक ठेवणंच फेडरल (केंद्रीय) गुन्हा, १५ वर्षांपर्यंत जेल, मग राज्य कुठलंही असो. गांजाही फेडरल कायद्यात बेकायदाच, आणि ३० ग्रॅमच्या आतला स्वतःपुरता एखादा गुन्हा वगळला तर ग्रीन कार्डवाल्यालाही डिपोर्ट करता येतं. जर्सीत डिस्पेन्सरीत, म्हणजे गांजाच्या दुकानात, नोकरी केली तरी सिटिझनशिपला अडचण येऊ शकते, २०१९ पासून तशी पॉलिसी आहे.

माझं स्पष्ट मत, व्हिसावर आहात आणि मुलं मोठी आहेत तर जर्सी बरी, तिथे पोराच्या एका चुकीने फेलनी लागायची शक्यता कमी. ग्रीन कार्ड हातात आहे, घरात बंदूक हवीच आहे आणि गांजाशी काही संबंध नाही, तर टेक्सस. आणि कुठेही केस झालीच तर दंड भरून मिटवतो म्हणत गुन्हा कबूल करू नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा.