जुन्या गाडीला ऑटो एलपीजी किट: परवडते, पण पंप वाटेवर हवा

आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला सिक्वेन्शियल पद्धतीचे (इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारे) एलपीजी किट बसवून बराच काळ झाला आहे. असे किट घेऊ पाहणाऱ्यांनी किमतीची घासाघीस करण्याआधी आपल्या रोजच्या वाटेवर ऑटो एलपीजीचा पंप आहे का, हे पाहावे. कारण सीएनजीचे पंप वाढत गेले, एलपीजीचे मात्र मोजकेच राहिले, आणि गॅससाठी वाकडी वाट करावी लागली की बचत तिथेच संपते.

गॅस भरणे मात्र सुखाचे आहे. सीएनजी सुमारे 200 बार दाबाने भरावा लागतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण त्या मानाने फारच कमी दाबाला द्रवरूप राहते, म्हणून ते पेट्रोलसारखे लिटरवर मोजून काही मिनिटांत भरले जाते. इंजिन बंद करून सर्वांनी खाली उतरायचे, कर्मचारी नोझल घट्ट अडकवतो, आणि ते काढताना ‘फस्स’ आवाज होऊन थोडी पांढरी वाफ उडते. उष्णतेने द्रव फुगतो, त्याला जागा उरावी म्हणून टाकी 80 टक्के भरताच आतला व्हॉल्व्ह प्रवाह तोडतो.

गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिनाचे पाणी तापल्यावर आपोआप गॅसवर जाते, कारण किटमधला रिड्यूसर हा भाग त्याच उष्णतेवर द्रवाचा वायू करतो. साहजिकच, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याला किटचा फारसा उपयोग नाही. सपाट रस्त्यावर फरक जाणवत नाही; भरल्या गाडीने घाट चढताना पिकअप थोडा कमी पडतो. लिटरमागे ऊर्जा कमी असल्यामुळे पेट्रोलवर 15 किलोमीटर देणारी आमची गाडी गॅसवर 12 देते. म्हणजे एलपीजीचा दर पेट्रोलच्या 80 टक्क्यांहून बराच खाली असेल तरच किटचे पैसे वसूल होतात. गोल टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात बसते आणि स्टेपनी डिकीत येते. लांबच्या प्रवासात सामान रचताना ते खटकतेच.

आरसीवर नोंद न करता स्वस्तात किट बसवून देणाऱ्याच्या नादी लागू नये. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. टाकीची दर पाच वर्षांनी चाचणी करावी लागते, तेव्हा जुनी गॅसची गाडी विकत घेताना त्या चाचणीचे प्रमाणपत्र आधी मागून घ्यावे.