टेफ्लॉन कॉकचं ब्युरेट, वर्षभर वापरून झाल्यावर

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गेल्या वर्षी जूनमध्ये केमिस्ट्रीच्या लॅबसाठी ५० मिलीची १२ ब्युरेट घेतली (ब्युरेट म्हणजे द्रावण मोजून थेंबाथेंबाने सोडायची, खाली कॉक म्हणजे तोटी असलेली काचेची नळी), क्लास बी म्हणजे अचूकतेत दुसऱ्या दर्जाची, टेफ्लॉन कॉकवाली. एक ब्युरेट साडेसहाशेला पडलं. त्याच दुकानात काचेच्या कॉकचं साडेचारशेला होतं, त्यामुळे खरेदी समितीत "वरचे दोनशे कशाचे?" हे विचारलं गेलंच. तेव्हा घाईघाईत काहीतरी सांगून सही घेतली होती. आता वर्ष झालंय, नीट सांगता येईल. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे.

आधी जुन्यांबद्दल. आमच्या स्टोअरमध्ये एक लाकडी खण आहे, त्यात कॉक जाम झालेली नऊ ब्युरेट आडवी पडलीत. कारण नेहमीचंच. प्रॅक्टिकल संपलं, बस धरायची घाई, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड तसंच राहिलं आणि मध्ये दिवाळीची सुट्टी आली. अल्कली काचेच्या घासलेल्या पृष्ठभागाला खातं, वर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट धरतं, आणि कॉक असा बसतो की आमचे लॅब असिस्टंट काका गरम पाण्यात बुडवून, लाकडाने ठोकून थकतात. शेवटी कॉकचा कान त्यांच्या हातात आणि बाकीचं ब्युरेट खणात. जाम होऊ नये म्हणून व्हॅसलीन लावायचं, तर कमी लावलं की गळतं, जास्त लावलं की जेटमध्ये, म्हणजे खालच्या बारीक टोकात, जाऊन बसतं आणि तार घालून काढावं लागतं. रबरी नळी आणि चिमटा हा जुना उपाय अल्कलीला उत्तम, पण पोटॅशियम परमँगनेट आणि आयोडीन रबराला खराब करतात. म्हणजे पुन्हा दोन तऱ्हेची ब्युरेट सांभाळा.

टेफ्लॉनला यातलं काही लागत नाही. ग्रीस नाही, जाम नाही, अल्कली, आम्ल, परमँगनेट, थायोसल्फेट, ईडीटीए, सगळं एकाच ब्युरेटमध्ये, मध्ये फक्त धुवायचं. वर्षभरात बारापैकी एकाचाही कॉक अल्कलीने बसला नाही. दोनशे रुपये इथेच वसूल.

पण मला यापेक्षा मोठा फायदा वेगळाच वाटतो. काचेच्या कॉकला फिरवताना आतल्या बाजूला सतत थोडा दाब द्यावा लागतो, नाहीतर तो बाहेर सरकतो आणि मनगटावरून सगळं द्रावण वाहतं. फर्स्ट इयरच्या मुलांचं निम्मं लक्ष त्या भीतीतच जातं. इथे पलीकडून नट असल्याने कॉक निघून येत नाही. टायट्रेशनला, म्हणजे रंग बदलेपर्यंत फ्लास्कमध्ये द्रावण सोडताना, डावा हात कॉकवर, उजव्या हाताने फ्लास्क फिरवणं, हे दुसऱ्याच प्रॅक्टिकलला मुलांना जमलं. एका मुलीने ऑगस्टमध्येच अर्धा थेंब टाकून दाखवला. कॉक अगदी केसभर उघडायचा, जेटच्या टोकाला थेंब लोंबू द्यायचा, पडायच्या आत बंद करायचं, फ्लास्कच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि वॉश बॉटलने खाली धुवायचं. पांढऱ्या टाइलवर फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग इतका फिका आला की शेजारचा मुलगा म्हणाला, "आला का गेला?" जुन्या ब्युरेटवर हे मला जमायचं, मुलांना क्वचितच.

त्यामुळे एक गंमत झाली. जुन्या ब्युरेटच्या काळात पायलट रीडिंगनंतरची, म्हणजे अंदाजाच्या पहिल्या रीडिंगनंतरची, तीन रीडिंग प्रत्यक्षात ९.७, १०.१, ९.९ मिली अशी यायची आणि जर्नलमध्ये ९.८, ९.८, ९.८ अशी सुबक उतरायची. खाली कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे जुळून आलेला आकडा, ९.८, दोन रेघा मारून. विचारलं की, "कॉक गळत होता मॅडम." आणि निम्म्या वेळा तो खरंच गळत असायचा, त्यामुळे मला पुढे बोलता यायचं नाही. नव्या ब्युरेटने ही सबब काढून घेतली. चुकलं तर तुझा हात चुकला, असं मी सप्टेंबरपर्यंत मोठ्या तोऱ्यात सांगत होते.

मग सात नंबरचं ब्युरेट. त्यावरच्या मुलाला तिन्ही वेळा ९.९ येत होतं, सगळ्या बॅचला ९.८. मी म्हटलं, तू दोन थेंब जास्त टाकतोयस, रंग गडद करतोयस. त्याने पुन्हा केलं, पुन्हा ९.९. म्हणाला, "मॅडम, तुम्हीच करून पाहा न." केलं. मलाही ९.९.

त्या शनिवारी थर्ड इयरच्या दोघींना घेऊन बाराही ब्युरेट तपासली. पद्धत सोपी आहे: डिस्टिल्ड वॉटर भरायचं, शून्यापासून १० पर्यंत वजन केलेल्या झाकणाच्या बाटलीत सोडायचं, पुन्हा वजन करायचं. त्या दिवशी पाणी ३०° सेल्सिअसला होतं, त्या तापमानाला १० मिली पाणी हवेत ९.९४६ ग्रॅम भरतं. अकरा ब्युरेट ९.९२ ते ९.९७ ग्रॅमच्या आत बसली, म्हणजे ठीक. सात नंबरने दिले ९.८३ ग्रॅम. तीनदा करून तेच. हिशोब केला तर १० मिलीच्या नावाखाली ९.८८ मिली. ५० मिलीच्या क्लास बी ब्युरेटला ०.१ मिली इतक्या चुकीची सूट असते, हे पहिल्या दहातच तिच्या बाहेर. म्हणजे पोराचा हात बरोबर होता आणि काचेवरची रेघ खोटी होती. सोमवारी सगळ्या बॅचसमोर त्याला तसं सांगितलं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, क्लास बीमध्ये एवढं चालतंच." वजनांचा कागद पाठवला, "कंपनीला कळवतो" म्हणाला, त्यालाही आता आठ महिने झाले. सात नंबरवर लाल टेप लावली आहे आणि ते मी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे रेघा खऱ्या आहेत का ते तपासायच्या, प्रॅक्टिकलला देते. करेक्शन काढायला त्याच्याइतकं चांगलं ब्युरेट आमच्याकडे दुसरं नाही, पण ते विकत घेताना माझा तसा काही बेत नव्हता. घेणाऱ्यांनी पैसे चुकते करण्याआधी एक शनिवार यासाठी काढाच. परवडत असेल तर क्लास ए घ्या, त्याची सूट निम्मी म्हणजे ०.०५ मिली असते.

आता ऋतूंचं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तापमान वाढलं की टेफ्लॉन काचेच्या मानाने कितीतरी जास्त फुगतं, उतरलं की तितकंच आकसतं. ब्युरेटवर २७° छापलेलं असतं, म्हणजे माप त्या तापमानाला धरलेलं, आमच्या लॅबवर नसतं. डिसेंबरात सकाळी आठच्या बॅचला बारापैकी पाच ब्युरेट थेंब थेंब गळायला लागली. मी वैतागले, काकांनी नट पाव फेरा आवळला, थांबली. एप्रिलमध्ये परीक्षेच्या दिवशी बरोबर उलटं: कॉक इतका घट्ट की एका मुलीने फिरवला तर क्लॅम्पमधलं अख्खं ब्युरेटच फिरलं, तेही एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर. काकांनी तोच नट पाव फेरा सोडला. आता थंडीत आवळा, उन्हाळ्यात सोडा, असा कागद रॅकवर चिकटवलाय.

सुट्टीत मात्र नट ढिला करूनच ठेवायचा, कारण सतत दाबाखाली राहिलं की टेफ्लॉन हळूहळू आकार बदलतं आणि मग कितीही आवळा, गळतंच. मी मे महिन्यात सगळे नट सैल केले, तर काका म्हणाले, "हे ढिलं काहून केलं? कालच तर आवळलं होतं." त्यांना समजावण्यात एक चहा गेला.

छपाईबद्दल फार काही नाही. तीन ब्युरेटवरचे २० ते ३० मधले आकडे आताच फिके पडलेत, म्हणजे जिथे बोटं जास्त लागतात तिथले. मागे पांढऱ्या पट्टीवर निळी रेघ असलेली ब्युरेट महाग आहेत, पण मेनिस्कस, म्हणजे द्रावणाची वक्र पातळी, वाचायला फार सोपी. पुढच्या वेळी निदान चार तरी घेईन. टेफ्लॉन पांढरं, अपारदर्शक, त्यामुळे कॉकच्या भोकात अडकलेला बुडबुडा दिसत नाही. सुरुवातीला कॉक पूर्ण उघडून जोरात थोडं द्रावण सोडून द्यायची सवय लावावी लागते.

ब्युरेटच्या कामावर मी पाचपैकी चार देईन, दुकानाच्या सेवेवर एक.

शेवटचं म्हणजे सुटे भाग. धुताना कॉक काढला की आधी पातळ वॉशर, मग रबरी रिंग, मग नट, असं परत बसवायचं. मुलं रिंग आधी घालतात किंवा सिंकमध्ये घालवतात. वर्षात आमच्या सहा रिंगा गेल्या. दुकानदाराकडे मागितल्या तर म्हणाला, "ब्युरेट पाहिजे तितकी देतो, नुसती रिंग येत नाही." काका एक जुनी रिंग खिशात घालून बसस्टँडसमोरच्या आरओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने डब्यातून त्याच मापाच्या दहा काढून दिल्या, पन्नास रुपयांत. बिल मात्र तो देत नाही, त्यामुळे ते पन्नास अजून माझ्याच पर्समधले आहेत.