विद्यार्थी वकिलांच्या हाती सोपवलेला माझा खटला

अमेरिकेत एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने, राहणाऱ्या आणि नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या दोघीतिघींनी मला अलीकडे विचारले, की विधी महाविद्यालयात चालणाऱ्या कौटुंबिक हिंसाचार क्लिनिककडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या केंद्राकडे, जावे का. अशा एका क्लिनिकची मी फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत अशील होते, म्हणून तिथे काय मिळाले आणि काय मिळाले नाही हे सविस्तर लिहिते आहे. क्लिनिकचे नाव मुद्दाम देत नाही.

येथे तुमचे काम कायद्याचे विद्यार्थी करतात. राज्याच्या नियमांप्रमाणे, परवानाधारक वकिलाच्या देखरेखीखाली आणि अशिलाच्या लेखी संमतीने, त्यांना न्यायालयात उभे राहून युक्तिवादही करता येतो. क्लिनिकच्या प्रमुख प्राध्यापक स्वतः वकील आहेत आणि खटल्याची अंतिम जबाबदारी त्यांचीच असते. फी अजिबात नाही. पहिल्या दिवशी या प्राध्यापक बाईंनी हे सारे समजावले, संमतिपत्र माझ्यासमोर ठेवले आणि मला एकटीने विचार करता यावा म्हणून माझे काम पाहणाऱ्या दोन्ही विद्यार्थ्यांना घेऊन त्या खोलीबाहेर गेल्या. लग्नानंतर माझ्या सहीसाठी कोणी थांबल्याचे मला आठवत नाही.

त्यांच्या कामाची खरी पारख मला प्रतिज्ञापत्राच्या वेळी झाली. नवऱ्याला माझ्यापासून दूर ठेवणारा न्यायालयाचा तात्पुरता संरक्षण आदेश त्याला न बोलावता त्याच दिवशी मिळाला होता, पण पूर्ण सुनावणीसाठी सविस्तर निवेदन हवे होते. फोनवरच्या दुभाष्याने माझ्या ‘तो मला सारखं बोलायचा’ या वाक्याचे भाषांतर ‘तो माझ्याशी सतत बोलत असे’ असे केले, आणि ‘त्याने हात उचलला’ याचे ‘त्याने हात वर केला’ असे. विद्यार्थ्यांनी ते तसेच उतरवून घेतले. बाईंनी कच्चा मसुदा वाचताना त्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विद्यार्थिनीला इतकेच सांगितले, की वर केलेला हात पुढे कुठे गेला ते अशिलाला विचार. मी म्हटले, ‘गळ्यावर.’ गळा दाबणे हे पुढे जीवघेणा हल्ला होण्याचे गंभीर लक्षण मानले जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने तयार केलेली २० प्रश्नांची धोका-तपासणी त्याच दुपारी माझ्याकडून भरून घेतली गेली, निवेदन पहिल्यापासून नव्याने लिहिले गेले, आणि पुढच्या प्रत्येक भेटीला मराठी जाणणारी प्रशिक्षित दुभाषी समोर बसलेली असे. बाईंना ते वाक्य स्वतः दुरुस्त करता आले असते, पण तो प्रश्न विद्यार्थिनीनेच विचारावा असे त्यांनी ठरवले, आणि त्यामुळे पुढच्या सगळ्या भेटींत ती माझे प्रत्येक क्रियापद तपासून घेऊ लागली.

सुनावणीच्या दिवशी मात्र याच पद्धतीने माझ्या पोटात गोळा आणला. नवऱ्याच्या वकिलाने हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी उत्तर मागितल्यावर आमची विद्यार्थिनी गप्प झाली. बाई तिच्या शेजारी बसलेल्या होत्या, तरी त्या उठल्या नाहीत. काही सेकंदांनी तिने स्वतःला सावरले, प्रश्न नव्या शब्दांत मांडला आणि आदेश एक वर्षासाठी मिळाला. मी नंतर विचारले, की मी तुमच्या शिकवण्याचे साधन होते का? त्यांनी प्रश्न टाळला नाही. कोणत्या क्षणी आपण उभे राहणार हे सरावाच्या सुनावणीतच विद्यार्थिनीसोबत ठरले होते, असे त्यांनी सांगितले. ती मर्यादा मलाही आधी सांगायला हवी होती, हे माझे मत आजही कायम आहे.

आदेश हातात आल्यावर बाईंनी मला निर्धास्त होऊ दिले नाही, आणि हे मी त्यांचे मोठे ऋण मानते. ‘कॅसल रॉक विरुद्ध गोन्झालेस’ या २००५ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले, की पोलिसांकडून आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा घटनात्मक हक्क संरक्षण आदेश मिळवलेल्या गोन्झालेस या आईला नव्हता. आदेश हाती असूनही तिच्या तिन्ही मुली मारल्या गेल्या होत्या. पुढे विधी महाविद्यालयांच्या क्लिनिकनी तिची बाजू आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगापुढे मांडली आणि २०११ मध्ये आयोगाने अमेरिकेला दोषी धरले. हे सांगून झाल्यावर आम्ही कुलपे, मुलाची शाळा आणि फोनची सेटिंग यांची यादी घेऊन दोन तास बसलो.

माझी तक्रार मे महिन्याची आहे. सत्र संपले, दोन्ही विद्यार्थी पदवी घेऊन गेले आणि तीन आठवडे मला कोणाचाही फोन आला नाही. त्याच काळात अनोळखी क्रमांकावरून नवऱ्याचे संदेश सुरू झाले. क्लिनिकला फोन केल्यावर ध्वनिमुद्रित निरोप ऐकू आला, त्यामुळे आदेशाची प्रत घेऊन मी एकटीच पोलिसांकडे गेले. जूनमध्ये आलेल्या नव्या विद्यार्थ्याने फाइल वाचलेली होती, तरी गळ्याची हकिगत त्याने मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. बाईंनी चूक मान्य केली आणि स्वतःचा क्रमांक दिला. क्लिनिक चालवणाऱ्याचे कौशल्य न्यायालयापेक्षाही या हस्तांतरणात दिसते, आणि तिथे त्या कमी पडल्या. पाचपैकी एक तारा मी त्यासाठीच कापते.

त्याच नव्या विद्यार्थ्याने पुढे माझा कामाच्या परवान्याचा अर्ज भरला. अत्याचार सोसलेल्या एच-४ पत्नीला आय-७६५व्ही या अर्जाने नवऱ्याच्या सहीशिवाय परवाना मागता येतो, ही माहिती मला तोवर कोणीच दिली नव्हती. घटस्फोटाचे काम हे क्लिनिक घेत नाही. त्यासाठी वेगळा वकील शोधावा लागला.

जाणार असाल तर शक्यतो सत्राच्या सुरुवातीला जा, नातेवाइकाला दुभाषा म्हणून नेऊ नका, आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारून घ्या, की सुट्टीच्या दिवसांत माझा फोन कोण उचलेल.